पाना हातात असलेला मालक : सोइचिरो होंडा

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. मराठी विभागात लेख देणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा आईला हसू आवरेना. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि विषयाकडे लक्ष द्या!

हा विषय मला आपल्या लॉनवर सुचला. गेल्या पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं वाढलं आणि माळीकाकांचं पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन काही केल्या सुरू होईना. दोरी ओढून ओढून काका घामाघूम झाले. मी थर्ड ईयर मेकॅनिकलची. टू-स्ट्रोक सायकलची आकृती झोपेतसुद्धा काढून दाखवेन. त्यामुळे मोठ्या ऐटीत पुढे झाले. प्लग काढला, पुसला, परत बसवला. कार्ब्युरेटर खोलला. त्यातला एक छोटा स्क्रू गवतात पडला. मशीन ढिम्म!

शेवटी रस्त्यापलीकडचे गॅरेजवाले दादा आले. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी काकांना दोनच गोष्टी विचारल्या. मशीन शेवटचं कधी चाललं होतं? आणि टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे? अख्खा उन्हाळा तेच पेट्रोल टाकीत पडून होतं. त्यातला हलका भाग उडून गेला, मागे राळेसारखा चिकट थर राहिला आणि कार्ब्युरेटरमधली केसाएवढी भोकं बुजली. दादांनी ती साफ केली, हरवलेल्या स्क्रूच्या जागी डब्यातला दुसरा लावला, ताज्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापून मिसळलं आणि तिसऱ्या ओढीला मशीन धडधडायला लागलं. मला कार्ब्युरेटरचे सगळे भाग पाठ होते. पण काकांना काही विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यांचे सुटे पैसे द्यायला म्हणून मी गॅरेजमध्ये गेले, तर कोपऱ्यात एक छोटा जुना जनरेटर दिसला. लोडशेडिंगच्या दिवसांत दुकानादुकानांबाहेर असायचा तसला. त्यावर नाव होतं होंडा. माझ्या डोक्यात होंडा म्हणजे ॲक्टिव्हा! होंडा हे कुणा माणसाचं आडनाव आहे आणि तो माणूस मुळात गॅरेजवाला होता, हे मला त्या रात्री वाचायला बसले तेव्हा कळलं. त्याचीच ही गोष्ट.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातल्या कोम्यो नावाच्या खेड्यात झाला. वडील गिहेई हे लोहार. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. आई मिका विणकाम करायची. घरात पैसा फारसा नव्हता, पण ऐरण होती, भाता होता, मोडक्या सायकली होत्या. गावाजवळच्या तांदूळ सडायच्या गिरणीत एक इंजिन होतं, ते बघायला आजोबा त्याला पाठीवर बसवून न्यायचे. इंजिनचा धूर आणि आवाज, बस्स, पोराला दुसरं काही नको असायचं. एकदा गावात पहिल्यांदाच मोटारगाडी आली. सोइचिरो तिच्यामागे पळत सुटला. गाडी थांबली तिथे जमिनीवर तेल सांडलं होतं, तर पठ्ठ्याने वाकून त्याचा वास घेतला. आपल्यापैकी किती जणांना ग्रीसचा वास आवडतो, खरं सांगा!

अभ्यासात मात्र तो यथातथाच होता. प्रगतिपुस्तकावर वडिलांचा शिक्का लागायचा. याने सायकलच्या पेडलच्या रबरातून तो शिक्का स्वतःच कोरला. काम इतकं छान झालं की मित्रांनाही करून दिले, आणि तिथेच पकडला गेला. शिक्का उलटा कोरावा लागतो हे त्याला माहीतच नव्हतं. होंडा हे नाव जपानी लिपीत डावीकडून उजवीकडून सारखंच दिसतं, म्हणून त्याचा स्वतःचा शिक्का खपून गेला होता. मित्रांची नावं मात्र उलटी उमटली!

१९१७ मध्ये हमामात्सु शहरात आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक विमानाच्या कसरती दाखवायला आला. वडिलांची सायकल न विचारता घेऊन दहा-अकरा वर्षांचा सोइचिरो सुमारे वीस किलोमीटर गेला. मोठ्या सायकलवर पाय पुरत नव्हते. तिकिटाला पैसे पुरले नाहीत, म्हणून झाडावर चढून त्याने विमान पाहिलं.

१९२२ मध्ये शाळा संपली आणि तो तोक्योला ‘आर्ट शोकाई’ नावाच्या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागला. मालक होते युझो साकाकिबारा. स्वप्न मोटारींचं होतं, पण पहिले कित्येक महिने काम मिळालं ते मालकाचं बाळ सांभाळायचं! पाठीवर बाळ, हातात फडकं. पळून जायचं त्याच्या मनात आलं होतं. पण एका बर्फाच्या दिवशी कामाचा ढीग पडला आणि मालकांनी त्याला गाडीखाली जायला सांगितलं. त्या दिवसापासून तो मेकॅनिक झाला.

१ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो आणि आसपासच्या भागात प्रचंड भूकंप झाला. शहर पेटलं. गॅरेजमधल्या गाड्या आगीतून बाहेर काढायची धावपळ झाली, त्यात सोइचिरो आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर गाडी चालवत सुटला. नंतर जळालेल्या गाड्या दुरुस्तीला आल्या. त्या काळी चाकांचे स्पोक लाकडी असत, ते जळून गेलेले. ते सगळं नव्याने बनवता बनवता हात तयार झाला.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग पुढचा आहे. अठरा वर्षांचा असताना त्याला उत्तरेकडच्या मोरिओका शहरात आगीचा बंब दुरुस्त करायला पाठवलं. एवढंसं पोर बघून तिथल्या लोकांचा हिरमोड झाला. खानावळीत त्याला मोलकरणीच्या खोलीशेजारची साधी खोली दिली. त्याने अख्खा बंब खोलून मांडला, तेव्हा तर लोकांना वाटलं की आता हा परत जुळतच नाही. पण त्याने तो जुळवला, चालू केला, पाण्याचा फवारा उडाला. त्या संध्याकाळी त्याला खानावळीतली सगळ्यात चांगली खोली मिळाली! या सगळ्या कामातून त्यांना एक गोष्ट उमगली. बिघडलेली गाडी घेऊन येणारा माणूस आधीच वैतागलेला असतो. नुसता पार्ट बदलून भागत नाही. काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा बिघडू नये म्हणून काय करायचं, हे त्याला समजावून सांगितलं की तो शांत होऊन घरी जातो. (आमचे दादा काकांशी नेमकं हेच करत होते.)

१९२८ मध्ये मालकांनी त्यांना आपल्या गॅरेजचं नाव वापरायची परवानगी देऊन हमामात्सुला शाखा काढून दिली. होंडांनी लाकडी स्पोकऐवजी धातूचे स्पोक बनवले, त्याचं पेटंट घेतलं. धंदा जोरात चालला. रेसिंगचंही वेड होतं. १९३६ मध्ये तामागावाच्या शर्यतीत स्वतः बनवलेली गाडी चालवताना त्यांना भीषण अपघात झाला. ते आणि शेजारी बसलेला धाकटा भाऊ दोघेही जखमी झाले, पण वाचले.

पण आता त्यांना दुरुस्ती पुरे वाटेना. आपण स्वतः काहीतरी बनवावं असं वाटायला लागलं. त्यांनी निवडली पिस्टन रिंग. दिसायला साधी कडी. पण कडक झाली तर मोडते, मऊ राहिली तर झिजते, आणि नीट बसली नाही तर इंजिनचा दम जातो आणि तेल जळतं. दिवसरात्र खपूनही रिंग जमेना. शेवटी ते हमामात्सुच्या तंत्रशाळेतल्या प्राध्यापकांकडे गेले. तपासात निघालं की त्यांच्या लोखंडात सिलिकॉन कमी पडतंय. म्हणजे हाताला सगळं येत होतं, धातुशास्त्र येत नव्हतं! तेव्हा लग्न झालेला, कारखाना असलेला हा तिशीतला माणूस पोरांबरोबर वर्गात जाऊन बसला. पण हवं तेवढंच ऐकायचा. परीक्षेला बसलाच नाही, म्हणून शाळेने काढून टाकलं. तरी त्रास संपला नव्हता. टोयोटाला पन्नास रिंगा तपासायला दिल्या, त्यातल्या तीनच पास झाल्या. (आपल्या एम-थ्रीचा निकाल यापेक्षा बरा लागतो!) पण त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि कारखाना उभा राहिला.

इथे जरा थांबून सांगते. आपल्याकडे लोक अशा गोष्टी सांगून म्हणतात, बघा, डिग्री नसली तरी चालतं. मला तसं वाटत नाही. होंडांना पुस्तकी ज्ञान नको होतं असं नाही. काय अडलंय हे त्यांना आधी कळलं आणि मग ते वर्गात गेले. आपण वर्गात आधी जातो. काय अडतं, ते कळतं कॅम्पसमधून बाहेर पडल्यावर!

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये मिकावाच्या भूकंपाने कारखान्याची उरलीसुरली वाट लागली. युद्ध हरल्यावर होंडांनी आपले शेअर टोयोटाला ४,५०,००० येनना विकून टाकले आणि जवळजवळ एक वर्ष काहीच केलं नाही.

१९४६ मध्ये हमामात्सुतल्या एका छोट्या शेडमध्ये त्यांनी पुन्हा पाटी लावली. नाव दणदणीत होतं, होंडा तंत्र संशोधन संस्था! एका मित्राकडे त्यांना एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन दिसलं. युद्धात सैन्याच्या वायरलेस संचाला वीज देणाऱ्या जनरेटरचं ते इंजिन. युद्ध संपलं आणि ती इंजिनं बेवारस पडली होती. त्या वेळी जपानमध्ये गाड्यांना प्रचंड गर्दी आणि धान्य आणायला लोकांना सायकलवरून लांब लांब जावं लागे. होंडांनी ते इंजिन सायकलला बसवलं. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं असेल? अंथरुणात पाय शेकायची गरम पाण्याची बाटली! बायको साची यांनी ती सायकल गर्दीच्या रस्त्यावर चालवून बघितली.

अशी सुमारे पाचशे इंजिनं त्यांनी मिळवली. आमच्या माळीकाकांच्या गवत कापायच्या मशीनचं इंजिनही साधारण त्याच जातकुळीतलं, छोटं, हलकं, टू-स्ट्रोक. प्रत्येक जुनं इंजिन उघडायचं, ठीकठाक करायचं, सायकलला बसवायचं, चालवून बघायचं आणि मगच द्यायचं. म्हणजे जगप्रसिद्ध होंडा कंपनीचा पहिला माल हा दुरुस्त केलेला माल होता. इंजिनं संपली तेव्हा १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘ए-टाइप’ इंजिन बनवलं. २४ सप्टेंबर १९४८ रोजी दहा लाख येन भांडवल आणि ३४ कामगार घेऊन होंडा मोटर कंपनी रीतसर सुरू झाली.

१९४९ मध्ये त्यांना ताकेओ फुजिसावा भेटले. एकाने मशीन बघायचं, दुसऱ्याने पैसा आणि विक्री. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड केली नाही. १९५२ मध्ये सायकलला लावायचं ‘कब एफ-टाइप’ इंजिन आलं, तेव्हा फुजिसावांनी जपानभरच्या पन्नास हजारांहून जास्त सायकल दुकानदारांना पत्रं पाठवली. त्यातून सुमारे तेरा हजार दुकानं जोडली गेली. यातली गंमत लक्षात आली का? विकणारा प्रत्येक जण पंक्चर काढणारा, चेन बसवणारा माणूस होता. माल बिघडला तर तो गावातच दुरुस्त होणार होता.

१९५३ मध्ये कंपनीने ‘एच-टाइप’ नावाचं पहिलं सर्वसाधारण कामाचं इंजिन काढलं. सर्वसाधारण कामाचं म्हणजे गाडीला नाही, तर शेतीच्या यंत्रांना जोडायचं. १९५९ मध्ये ‘एफ-१५०’ हा छोटा पॉवर टिलर आला, तो फोर-स्ट्रोक होता. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि धूर होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळं राहतं. नुसतं पातळी बघायची आणि वेळेवर बदलायचं. शेतकऱ्याला हे सोपं पडतं. होंडांचा ओढा फोर-स्ट्रोककडे होता. १९५१ च्या ‘ड्रीम-ई’ मोटरसायकलपासून ते तिकडे वळले होते आणि १९५८ ची ‘सुपर कब’ही फोर-स्ट्रोकच. या सुपर कब मालिकेच्या २०१७ पर्यंत दहा कोटी गाड्या बनल्या! १९५९ मध्ये त्यांची टीम पहिल्यांदा आइल ऑफ मॅनच्या शर्यतीला गेली आणि त्यांचा एक चालक सहावा आला. १९६१ मध्ये तिथे १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे होते.

आता दुसरी बाजू. होंडा साधू नव्हते. कामात चूक दिसली की ओरडायचे, हातातला पाना फेकायचे, कधी मारायचेसुद्धा. नंतर त्यांनाच वाईट वाटायचं. कामगार त्यांना गमतीने वीज कडाडणारे साहेब म्हणायचे. आज कुणी असं केलं तर चालणार नाही आणि चालू नयेच. पण ते स्वतः पांढरे कपडे घालून कामगारांबरोबर मशीनवर असायचे. डावा हात जखमांच्या खुणांनी भरला होता, कारण उजव्या हातात हातोडा असला की मार खायचं काम डाव्याकडे येतं.

त्यांची सगळ्यात मोठी चूक एअर-कूलिंगची. गवत कापायच्या मशीनचं इंजिन बघा. सिलिंडरवर पातळ पातळ पंख असतात, वारा त्यांच्यातून जातो आणि इंजिन थंड होतं. पाणी नाही, रेडिएटर नाही, म्हणजे बिघडायला कमी जागा. (फक्त पंखांत गवत अडकू द्यायचं नाही, नाहीतर इंजिन तापून बसतं.) होंडांचा तर्क असा होता की रेडिएटरमधलं पाणीसुद्धा शेवटी हवेनेच थंड होतं, मग पाणी हवंच कशाला? छोट्या इंजिनाला हे शंभर टक्के बरोबर. पण मोठ्या मोटारीच्या इंजिनाला लागू पडेना. तरुण इंजिनिअर्स सांगत होते, मालक ऐकत नव्हते. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या रुआँच्या शर्यतीत होंडाची एअर-कूल्ड फॉर्म्युला वन गाडी घसरून पेटली आणि चालक जो श्लेसर यांचा मृत्यू झाला. १९६९ ची ‘होंडा १३००’ ही एअर-कूल्ड मोटारही जड आणि महाग झाली, खपली नाही.

अमेरिकेत धुराचे कडक नियम येत होते. ते पाळायचे तर इंजिनचं तापमान नीट ताब्यात हवं आणि त्यासाठी पाणीच हवं, असं तरुणांचं म्हणणं. त्यांच्यातले तादाशी कुमे तर वैतागून काही आठवडे कामावरच आले नाहीत. शेवटी मंडळी फुजिसावांकडे गेली. फुजिसावांनी होंडांना एकच प्रश्न विचारला. तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष राहायचंय की इंजिनिअर? होंडांनी अध्यक्षपद निवडलं, म्हणजेच तरुणांना पाणी वापरायची मोकळीक दिली. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड दुरुस्ती हीच असेल, कारण बिघाड त्यांच्या स्वतःच्या डोक्यात होता. आयुष्यभर मशीनचं ऐकणारा माणूस मालक झाल्यावर मशीनचं ऐकेनासा झाला होता.

त्या मोकळिकीतून १९७२ मध्ये सीव्हीसीसी इंजिन तयार झालं आणि अमेरिकेच्या नव्या कायद्याची परीक्षा पास झालं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांना गाठायची संधी आली म्हणून होंडा खूश होते. तरुण इंजिनिअर्सना मात्र हे काम कंपनीसाठी नाही, स्वच्छ हवेसाठी करतोय असं वाटत होतं. ते ऐकून आपली वेळ संपली हे होंडांनी ओळखलं. १९७३ मध्ये ते आणि फुजिसावा दोघेही एकदम निवृत्त झाले. होंडा ६६ वर्षांचे होते. नवे अध्यक्ष कियोशी कावाशिमा ४५ वर्षांचे, शेडच्या दिवसांपासूनचे सहकारी. होंडांनी मुलाला गादीवर बसवलं नाही. १९८३ मध्ये अध्यक्ष कोण झाले असतील? तेच रुसून बसलेले कुमे!

निवृत्तीनंतर होंडा दीड वर्ष जपानभर फिरले, कारखान्यांत, दुकानांत, छोट्या सर्व्हिस सेंटरमध्ये, तिथल्या लोकांचे आभार मानायला. ग्रीसने माखलेला हात कुणी संकोचाने मागे घेतला, तर ते तोच हात पकडून हातात घ्यायचे.

पुढे १९७८ मध्ये कंपनीचं पहिलं गवत कापायचं यंत्र ‘एचआर-२१’ आलं. १९८४ मध्ये आपल्या पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकबरोबर कायनेटिक होंडाचा करार झाला. १९८५ मध्ये श्रीराम होंडा ही कंपनी निघाली आणि छोटे जनरेटर भारतात बनायला लागले. गॅरेजमधला तो कोपऱ्यातला जनरेटर असा आला.

५ ऑगस्ट १९९१ रोजी होंडा गेले. मोठी अंत्ययात्रा काढायची नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मोटारी बनवणाऱ्या माणसामुळे रस्त्यावर ट्रॅफिक जाम व्हायला नको म्हणून!

काळ बदलतोच. अमेरिकेत त्यांच्या कंपनीने २०२३ मध्ये पेट्रोलवरची गवत कापायची यंत्रं बनवणं थांबवलं. कदाचित आपली ज्युनिअर मुलं स्पार्क प्लग फक्त जर्नलमध्ये बघतील. पण बॅटरीवरचं मशीन बंद पडलं तरी पहिला प्रश्न तोच राहील. शेवटचं कधी चाललं होतं?

मी आता दर शनिवारी दादांच्या गॅरेजमध्ये जाते. आतापर्यंत एअर फिल्टर धुणं, प्लगची गॅप तपासणं, आणि पावसाळा संपला की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू ठेवणं एवढं शिकले. याचे मार्क कुठेच मिळत नाहीत. असो. माळीकाकांचं मशीन यंदा पहिल्याच पावसात दुसऱ्या ओढीला सुरू झालं. गवतात पडलेला माझा स्क्रू मात्र अजून सापडलेला नाही. कुणाला मिळाला तर आणून द्या!